मिरवणूक संपल्यावर काठी कुठे जाते?

मुळशीत तालमींची उणीव कधीच नव्हती. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो, शिवजयंतीला लाठी-दांडपट्टा फिरतो, फेटे बांधलेल्या मुलींचे व्हिडिओ मोबाईलभर होतात. छान आहे. आमचा प्रश्न एवढाच, की मिरवणूक संपल्यावर ती काठी कुठे जाते? हिंजवडी-माणच्या जमिनींना सोन्याचा भाव आला आणि तालमीत कमावलेली शरीरे एजंटांच्या गाड्यांत बसू लागली. 2018 च्या 'मुळशी पॅटर्न'ने पडद्यावर दाखवले ते इथे कुणाला नवे नव्हते.

या विद्येचा वारसा सांगणाऱ्या भाषणांत लहुजी वस्ताद साळवे मात्र सहसा येत नाहीत. पुरंदरच्या पायथ्याशी 1794 साली जन्मलेल्या या मातंग वस्तादाने पुण्याच्या गंज पेठेत तालीम उभारली. जोतीराव त्यांच्याकडेच दांडपट्टा शिकले. 1848 पासून फुल्यांच्या शाळा सुरू झाल्या, सावित्रीमाईंवर शेण पडू लागले, तेव्हा लहुजी पाठीशी उभे राहिले. त्यांच्याच घराण्यातली मुक्ता साळवे त्या शाळेत शिकली आणि 1855 साली 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिती झाली. तालीम कशासाठी असते, याचे याहून चांगले उत्तर आम्हाला माहीत नाही.

चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांच्या हाती शस्त्र येऊ दिले नाही, म्हणून ते बंड करू शकले नाहीत, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिनिर्मूलना'त मांडले. त्याआधीच, 1927 मध्ये, समता सैनिक दल उभे राहिले होते.

"बुद्धाला मानता आणि काठी धरता?" असे आम्हाला विचारले जाते. विचारणारे बहुधा दसऱ्याचे शस्त्रपूजन उरकून आलेले असतात! मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी, हा भेद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये स्पष्ट केला आहे. शील सुटले की काठी गुंडाची होते, म्हणूनच ती पंचशील घेणाऱ्याने शिकावी.

आमची मागणी साधी आहे. पौड, पिरंगुटच्या वस्त्यांतल्या विहारांत संध्याकाळी काठीचा वर्ग भरावा, आणि तो सुटला की तिथेच सतरंजी टाकून अभ्यासिका. मुलींना आधी घ्या. कंपनीची दुसरी पाळी संपवून अंधारात घरी चालत येणाऱ्या पोरीला फेटा नको आहे, पवित्रा हवा आहे. आणि वस्तादांनी एक अट घालावी: जमिनीच्या ताब्यासाठी कुणाच्या दारात उभा राहिलेल्या पोराला या वर्गात पुन्हा काठी मिळणार नाही, मग तो आपल्या वस्तीतला का असेना.

जय भीम!