एक्स्पोर्टच्या यादीतून गेलेली ओळ

कुडाळजवळच्या एका जत्रेत रात्रभर चित्रित केलेलं दशावतारी नाटक आठवडाभर बसून एडिट केलं, नेहमीच्या सवयीने एक्स्पोर्टची यादी उघडली आणि ‘पाल डीव्हीडी’ ही ओळ शोधू लागलो. ती नव्हती. आधी वाटलं, माझेच डोळे तारवटलेत. यादी वरपासून खालपर्यंत तीनदा वाचली. तिच्या जागी मोठ्या गोल बटणांवर समाजमाध्यमांची चिन्हं होती: आडवा व्हिडिओ, उभा व्हिडिओ, चौकोनी व्हिडिओ. आदल्या रात्री अपडेट आपोआप बसलं होतं. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं की एक्स्पोर्टचा अनुभव आता अधिक सुटसुटीत केला आहे. बरोबरच आहे. घरातलं सामान चोराने नेलं की घरही सुटसुटीत दिसतं.

‘डीव्हीडी आता कोण बघतं?’ हा प्रश्न मला पुण्यातल्या प्रत्येक मित्राने विचारला आहे, म्हणून त्याचं उत्तर आधीच देतो. जे या नाटकात काम करतात, ते बघतात. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान कोणतं, कोण कोणती भूमिका करणार, एवढं ठरतं आणि पुढचे संवाद नट रंगमंचावरच रचतो. त्या रात्री द्रौपदी दुर्योधनाला जे बोलली, ते पुन्हा तसंच कधी बोलणार नाही. ते कुठे टिकलं असेल, तर समोर बसलेल्यांच्या कानात आणि माझ्या कॅमेऱ्यात. ज्या मंडळींचं मी चित्रण करतो, त्यांत स्त्रीपार्ट करणारे एक साठी ओलांडलेले काका आहेत. ते स्वतःची डिस्क लावून बघतात, कुठे शब्द लांबला, कुठे पेटीवाल्याने सूर धरायच्या आत आपण बोलून गेलो, ते शोधतात. शेजारी बसून दोन तरुण पोरं शिकतात. त्यांच्याकडे आहे तो जुना डीव्हीडी प्लेअर. त्याला यूएसबीचं भोकही आहे, पण त्याला एमपेग-2 किंवा जुनी डिव्हएक्सची फाइल लागते. आजची एमपी4 दिली की तो मख्ख बसून राहतो.

मी ती नवी फाइल पेनड्राइव्हवर दिली होती. दोन दिवसांनी काकांचा फोन आला, ‘‘रे झिला, ह्या काय दिसणा नाय.’’ आवाजात तक्रार नव्हती, आपलंच काहीतरी चुकलं असणार असा संकोच होता. सगळ्यात जास्त राग मला त्या संकोचाचा आला.

‘सगळं यूट्यूबवर टाक आणि लिंक दे’ हा पुढचा सल्ला. रेंज आता तिथेही येते, मान्य. पण चार तासांचं नाटक बघायला डेटा कोण भरणार? आणि प्रत्येक मंडळाला आपलं आख्यान जगासमोर मोफत ठेवायचं असतं, हे कोणी ठरवलं? डिस्क हातात देणं म्हणजे ‘हे तुमचं, तुम्ही काय ते करा’ असं म्हणणं असतं. लिंक देताना मधे तिसरा कोणीतरी येऊन बसतो.

आता जरा त्या हरवलेल्या ओळीत काय काय होतं ते सांगतो, कारण ज्याने ती काढली त्याला ते ठाऊक असेल असं वाटत नाही. 720 बाय 576 ची चौकट. सेकंदाला 25 फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डमध्ये विभागलेली, म्हणजे हालचाल सेकंदाला 50 वेळा टिपलेली. माझा जुना कॅमेरा असंच चित्रण करतो. युद्धनृत्यात दोन योद्धे गिरक्या घेत तलवारी फिरवतात तेव्हा हा फरक डोळ्यांना कळतो. नव्या सॉफ्टवेअरच्या ‘ऑटोमॅटिक’ने हे दोन फील्ड एकत्र केले आणि हालचालीचे टप्पे निम्मे झाले. तलवार सरकत नाही, उड्या मारते. सेकंदाला साधारण 4 मेगाबिट धरले की 4.7 जीबीच्या डिस्कवर सव्वादोन तास नीट बसतात, म्हणजे आख्यानाला दोन डिस्क लागतात. पहिली कुठे तोडायची हे ठरवायला नाटक समजावं लागतं (राक्षस येण्याच्या ऐन आधी तोडली तर शिव्या बसतात, अनुभव आहे). हे सगळं एका ओळीत साठलेलं होतं. बारा वर्षांत त्यावर बसवलेले माझे स्वतःचे प्रीसेटही त्याच ओळीबरोबर गेले.

मी जुन्या आवृत्तीकडे परत जायला निघालो. तिथे दुसरा सापळा. नव्या आवृत्तीत एकदा उघडून सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुनी आवृत्ती उघडत नाही. म्हणजे दार तुम्ही बघितलंही नाहीत आणि मागे कडी लागली.

हे काही माझ्याच वाट्याला आलेलं नाही, आणि आजचंही नाही. 2007 मध्ये ॲपलने आयमूव्ही मुळापासून नव्याने लिहिलं आणि जुन्यातली नेहमीची टाइमलाइनच काढून टाकली. ओरड एवढी झाली की जुनं आयमूव्ही एचडी मोफत उतरवून घ्यायला ठेवावं लागलं. त्यातून काही शिकावं, तर जून 2011 मध्ये फायनल कट प्रो एक्स आलं. त्यात जुन्या फायनल कटचे प्रोजेक्ट उघडत नव्हते, टेपवर थेट काढायची सोय नव्हती, दुसऱ्या यंत्रणेकडे काम सोपवायला लागणाऱ्या ईडीएल, एक्सएमएल, ओएमएफ या फाइली निघत नव्हत्या. तरी जुनी आवृत्ती त्याच वेळी विक्रीतून काढून घेतली होती. व्यावसायिक संकलकांनी जाहीर सह्या गोळा केल्या, मग जुनी आवृत्ती काही काळ पुन्हा मिळू लागली आणि एक्सएमएल सप्टेंबरात परत आलं. हॉलिवूडच्या आवाजाने तीन महिन्यांत एक ओळ परत येते. कुडाळच्या आवाजाने काय येईल?

कंपन्यांची बाजू मी ऐकली नाही असं नाही. प्रत्येक जुना पर्याय सांभाळायला माणसं लागतात, पैसे लागतात, तपासण्या लागतात. पेटंटचे पैसेही लागत. पण एमपेग-2 चं अमेरिकेतलं शेवटचं पेटंट फेब्रुवारी 2018 मध्ये संपलं. म्हणजे ती वस्तू फुकट झाल्यावर काढून टाकली, याला काय म्हणायचं?

राहता राहिला ‘फार कमी लोक वापरतात’ हा मुद्दा. ही मोजणी होते कशी? सॉफ्टवेअर इंटरनेटवरून कळवतं की अमुक बटण इतक्यांदा दाबलं गेलं. आता नको असलेलं अपडेट बसू नये म्हणून संगणकाचं इंटरनेट तोडून काम करणारे कोण? ज्यांना जुने पर्याय लागतात तेच. लग्नाच्या डीव्हीडी काढणारे तालुक्याच्या गावचे स्टुडिओवाले, देवळाचे उत्सव चित्रित करणारे, माझ्यासारखे. शिरगणतीच्या वेळी जो घरी सापडला नाही तो मेला, असा हा हिशोब आहे.

काढणं हाही भाग नाही, न सांगता काढणं हा आहे. हॅण्डब्रेक या मोफत सॉफ्टवेअरनेही 2009 मध्ये एव्हीआयचा पर्याय काढला होता. तेव्हाही मी चिडलो होतो. पण त्यांनी तो काढला आणि का काढला ते उघडपणे लिहिलं होतं. शिवाय जुनी आवृत्ती माझ्याकडे होती ती माझीच राहिली, कोणी रात्रीत येऊन बदलली नाही. मी दरमहा पैसे मोजतो त्या कंपनीकडून, एक महिना आधी, माझ्या भाषेत नसेल तर नसो पण एक वाक्य तरी, एवढी अपेक्षा जास्त आहे का? आणि जुन्या आवृत्तीत उघडेल असा प्रोजेक्ट सेव्ह करायची सोय?

शेवटी काम केलं ते एफएफएमपेगने. 2000 साली सुरू झालेलं, फुकट, काळ्या पडद्यावर हुकूम टंकावा लागतो असं. त्यात ‘पाल-डीव्हीडी’ असं नुसतं लक्ष्य सांगितलं की बाकीची मोजमापं ते स्वतः लावतं. फील्डचा क्रम जुळवायला दोन रात्री गेल्या, पहिली डिस्क वाया गेली. दुसरीत तलवार सरकायला लागली.

काकांनी ती बघितली. म्हणाले, दुसऱ्या डिस्कच्या सुरुवातीला पेटी जरा मोठी वाजते, आपले शब्द बुडतात. ते बरोबर होतं. आवाज दुरुस्त करायला पुन्हा ते सॉफ्टवेअर उघडलं, तर आणखी एक अपडेट वाट बघत होतं. या वेळी ‘नंतर’ असं बटण होतं. ‘नको’ असं नव्हतं.