गॅरेजातल्या हातांना मासिक का हवे?

१/५
जानेवारी १९४८. रॉबर्ट पीटरसन यांनी अमेरिकेत ‘हॉट रॉड’ हे मासिक काढले. जुन्या मोटारी कापून-जोडून त्यांना नवे रूप देणाऱ्या हौशी तरुणांचे ते व्यासपीठ ठरले.

२/५
या तरुणांच्या भररस्त्यातील शर्यती जीवघेण्या होत्या. मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन केली. सुरक्षेचे नियम आले. छंदाला शिस्त लाभली.

३/५
पुढे हौसेने घडवलेल्या ट्रकांनाही ‘ट्रकिन’ हे स्वतंत्र मासिक मिळाले. २०१९ मध्ये ते बंद करण्याचा निर्णय झाला. तोवर एका कारागिरीची अनेक दशकांची नोंद छापली गेली होती.

४/५
आता यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी. ऑगस्ट २०२१ मध्ये येथील एक तरुण कारागीर स्वतः घडवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटून मृत्युमुखी पडला. त्याचे कौशल्य देशाला कळले, ते मृत्यूच्या बातमीतून.

५/५
मासिक असते तर तो वाचलाच असता, असे म्हणता येणार नाही. परंतु झालेली चूक लिहून ठेवली, तरच पुढचा कारागीर ती टाळू शकतो. ट्रकची बॉडी बांधणाऱ्या, रंगवणाऱ्या हातांचा अनुभव आपल्याकडे बहुधा त्यांच्याबरोबरच संपतो. गडकिल्ल्यांच्या अभ्यासकांनी गॅरेजाचीही पायरी चढावी.