‘आता कळून काय उपयोग?’

एककल्ली, माणूसघाणा, शिष्ट, तऱ्हेवाईक, ‘हुशार आहे, पण व्यवहार कळत नाही’. अशी बिरुदे मिळालेले एखादे तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीत असते. कामात चोख, एखाद्या विषयात शिरले की तासन्‌तास भान राहत नाही. पण लग्नाच्या हॉलमधल्या गोंगाटात अर्ध्या तासात जीव घुसमटतो, बोलण्यातली खोच कळत नाही आणि ठरलेला बेत ऐनवेळी बदलला की सगळा दिवस कोलमडतो. अशी सगळीच माणसे स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, नसतात, काही असतात. पस्तिशी-चाळिशीत, अनेकदा स्वतःच्या मुलाचे निदान होत असताना, त्यांना शंका येते की हे आपल्यालाही असेल का. तपासणीचा विषय काढला की घरचे आणि कधी कधी डॉक्टरही विचारतात, ‘आता कळून काय उपयोग?’

हे निदान लहानपणीच का झाले नाही, याचे कारण इतिहासात आहे. लिओ कॅनर यांनी स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन १९४३मध्ये केले. पण अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा मिळाली ती १९८०मध्ये, तीही ‘बालवयातील’ आजार म्हणून. न बोलणारे, स्वतःतच हरवलेले मूल हेच चित्र डॉक्टरांपुढे होते. व्यवस्थित बोलणारी आणि परीक्षेत चांगले गुण मिळवणारी मुले त्या चित्रात बसत नव्हती. मुली तर अधिकच सुटल्या, कारण गप्प राहणाऱ्या मुलीला आपल्याकडे गुणी म्हणतात. पुढे २०१३च्या वर्गीकरणाने मान्य केले की लक्षणे लहानपणापासून असली, तरी आयुष्याच्या मागण्या वाढेपर्यंत ती पुरती दिसत नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या सवयींखाली झाकली जातात.

हे झाकणे फुकट होत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे, कधी हसायचे, फोनवर पहिले वाक्य काय बोलायचे, याची मनात तालीम करत दिवस काढणारा माणूस संध्याकाळी रिकामा झालेला असतो. मग चिंता आणि नैराश्यावर उपचार सुरू होतात, पण त्यामागचे कारण हाती लागत नाही. ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात, प्रौढ वयात ॲस्पर्जरचे निदान झालेल्या ३७४ जणांपैकी ६६ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचे सांगितले. एका विशेष दवाखान्यात आलेल्यांचा हा आकडा सर्वांना लागू करता येणार नाही. तरीही ‘काय उपयोग’ असे विचारण्याआधी तो आठवावा.

स्वमग्नता बरी करणारे औषध नाही, हे खरे. पण निदानाने उपचारांची दिशा बदलते. चिंतेवरचे समुपदेशन त्या व्यक्तीच्या पद्धतीने करता येते. कामाच्या ठिकाणी तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना किंवा शांत कोपरा मागता येतो. जोडीदाराला कळते की मुद्दाम दुर्लक्ष होत नव्हते. ‘लेबल कशाला लावून घ्यायचे’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की लेबले आधीच लागलेली आहेत. सुरुवातीला दिलेली यादी त्यांचीच आहे.

ही तपासणी रक्ताची चाचणी किंवा मेंदूचा स्कॅन करून होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सविस्तर मुलाखत घेतात. बालपण कसे होते, हे आई, वडील किंवा मोठ्या भावंडांकडून जाणून घेतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकातले जुने शेरेही कामी येतात. लक्षणांत साम्य असल्यामुळे अवधानातील त्रुटी, सामाजिक भीती, मंत्रचळ आणि जुने मानसिक आघात यांचाही विचार करावा लागतो. त्यामुळे इंटरनेटवरची प्रश्नावली भरून आलेला आकडा म्हणजे निदान नव्हे. तज्ज्ञांकडे जावे की नाही, एवढाच इशारा त्यातून मिळतो. ‘तुम्हाला स्वमग्नता नाही’ हे उत्तरही उपयोगाचेच असते, कारण मग खरे कारण शोधता येते.

कायदा या बाबतीत बराच पुढे आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६च्या कायद्याने ती २१ प्रकारच्या अपंगत्वांत घेतली, त्याला वयाची अट घातली नाही आणि सरकारी आस्थापनांवर कर्मचाऱ्याला आवश्यक त्या सोयी देण्याची जबाबदारी टाकली. अडचण येते ती प्रमाणपत्राच्या दारात. प्रमाणपत्रासाठी वापरली जाणारी भारतीय मोजपट्टी ४० मुद्द्यांची आहे आणि एखादे वर्तन किती वेळा दिसते, यावर तिचे गुण ठरतात. जो माणूस ३० वर्षे ते वर्तन लपवायलाच शिकला, त्याचे गुण कमी भरणार. त्यासाठी त्याने मोजलेली किंमत या पट्टीवर उमटत नाही.

म्हणून सरकारने दोन गोष्टी कराव्यात. जिल्हा रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात प्रौढांच्या तपासणीसाठी आठवड्यातला एक दिवस ठरवून द्यावा. आज ‘ऑटिझम’ म्हटले की बालविकास केंद्राकडे बोट दाखवले जाते, आणि चाळिशीतल्या बाईने तिथे रांगेत उभे राहून काय सांगावे? दुसरे म्हणजे, लक्षणे झाकून जगणाऱ्या प्रौढांना न्याय मिळेल अशी मोजपट्टी भारतीय भाषांमध्ये तयार करून घ्यावी.

ते होईपर्यंत, मन फार खचले असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आहे. आणि घरातले कोणी धीर करून हा विषय काढलाच, तर ‘काय उपयोग’ म्हणण्याऐवजी त्याच्या लहानपणीच्या आठवणी लिहून द्याव्यात. तपासणीत त्या लागतातच.