पेन्सिल आधी, माऊस नंतर

परवा रविवारी आमच्या घरात एक छोटीशी परीक्षा झाली. परीक्षार्थी माझी भाची, डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला असलेली. परीक्षक माझी आई, वय वर्षं चौऱ्याहत्तर. वयस्कर माणसांना गोळ्यांच्या वेळांची आठवण करून देणारं मोबाइल अ‍ॅप आखायचं, असं काम भाचीला कॉलेजने दिलं होतं. तीन दिवस संगणकासमोर बसून तिने पडद्यांचे आराखडे तयार केले. रेषा सरळ, अक्षरं सुबक, कोपरे छान गोल.

"आजी, सांग ना, काही चुकतंय का?"

आईने चष्मा लावून सगळं पाहिलं. "छान झालंय हो. किती मेहनत घेतलीस!"

झालं, परीक्षा संपली!

अशा आराखड्याला या धंद्यात 'वायरफ्रेम' म्हणतात. घर बांधण्याआधी नकाशा काढतात ना, तसाच हा प्रकार. बटण कुठे, मजकूर कुठे, एका पडद्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं, एवढंच त्यात ठरतं.

संध्याकाळी चहा पिताना भाचीने तेच पडदे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीने काढले. चौकोन वाकडेतिकडे, अक्षरं घाईची. आणि काय आश्चर्य! आईने कागद स्वतःकडे ओढला, पेन्सिल मागून घेतली.

"इथे 'गोळी घ्या' असं लिहिलंयस. पण मी ती घेतली की नाही, हे मला दुपारी कसं कळणार? मागच्या महिन्यात रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली गेली माझ्याकडून. चक्कर आली तेव्हा लक्षात आलं. तुम्ही उगाच काळजी कराल म्हणून बोलले नाही."

आम्हा दोघींना काय बोलावं ते सुचेना.

वाचकहो, सकाळी गप्प बसलेली आई संध्याकाळी का बोलली? देखणं काम पुरं झाल्यासारखं वाटतं. त्यात खोट काढायची म्हणजे समोरच्याचं मन मोडायचं. पेन्सिलीचं चित्र मात्र अर्धवट दिसतं, म्हणून त्यात आपलीही एक रेघ ओढायला संकोच वाटत नाही.

अ‍ॅपल कंपनीचा मॅकिन्टॉश संगणक 1984 साली बाजारात आला. त्यावरची चिन्हं काढणाऱ्या सुझन केअर या चित्रकर्तीने सुरुवात केली ती आलेखाच्या वहीत. लांबीला 32 घरं, रुंदीला 32 घरं, म्हणजे एकूण 1024 चौकोन. एकेक चौकोन भरायचा किंवा कोरा ठेवायचा, की झालं चित्र! आपल्याकडे ठिपक्यांच्या कागदावर रांगोळीची तयारी करतात, त्याच जातीचं हे काम.

गंमत पुढेच आहे. 2008 साली 'बाल्सॅमिक' नावाचं आराखडे काढायचं सॉफ्टवेअर आलं. त्यातले चौकोन मुद्दामच हाताने काढल्यासारखे, थोडे थरथरते दिसतात. हेतू हा की, पाहणाऱ्याने रंगरूपावर न बोलता कामाचं बोलावं. म्हणजे संगणकालाही पेन्सिलीचं सोंग घ्यावं लागलं!

याचा अर्थ संगणक नको, असा मुळीच नाही. चाळीस पडदे हाताने पुनःपुन्हा काढायचे म्हणजे बोटं दुखतील. 'फिग्मा'सारख्या साधनात पुण्याची मुलगी आणि बंगळुरूचा मुलगा एकाच आराखड्यावर एकाच वेळी काम करू शकतात. बटण दाबलं की पुढचा पडदा उघडतो, माप अचूक राहतं. पण ही सगळी पुढची पायरी. काय बनवायचं हेच ठरलेलं नसताना रेषा सरळ करण्यात तीन दिवस घालवले, की त्या पुसायला जिवावर येतं. कागद फाडायला मात्र क्षण पुरतो.

भाचीने आता पडद्यावर मोठी खूण घातली आहे: 'सकाळची गोळी घेतली, 8 वाजता'. दुसऱ्यांदा बटण दाबलं तर अ‍ॅप आधी विचारतं. ही सूचना आजीची, हेही तिने अहवालात लिहिलं आहे.

अ‍ॅप तयार व्हायचं तेव्हा होईल. तूर्त आम्ही सात वारांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी आणली आहे. रोज रात्री मी कप्पा उघडून पाहते. आणि आईला काही विचारायचं झालं, तर आधी एक पाठकोरा कागद समोर ठेवते.