ऑर्गनवर फंक शिका, पण बटण दाबून नव्हे!

आपल्या वस्त्यांमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या पोरापोरींची कमी नाही. भीमगीतांच्या पार्ट्या, रॅप करणारे गट, कॉलेजातले बँड, सगळीकडे ती दिसतात. त्यातल्या काहींना अलीकडे फंकची ओढ लागली आहे. ऑर्गनच्या आवाजात तुटक, टोकदार ठोके काढायचे, दोन्ही हातांनी पट्ट्यांवर हलगी वाजवल्यासारखं वाजवायचं, हे त्यांना शिकायचं आहे. ओढ चांगली आहे. पण ती लागताच दोन बाजूंनी दोन सल्ले येतात. एक आपल्याच काही कार्यकर्त्यांचा: "हे अमेरिकन नाचगाणं आहे, चळवळीला त्याचा काय उपयोग?" दुसरा बाजाराचा: "शिकायचं कशाला? कीबोर्डमध्ये फंकची स्टाइल तयार आहे, बटण दाबा, चालू होतं!"

आमच्या मते दोन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि दोघांची चूक एकच आहे. हा ठोका कुणाच्या हातातून आला, हे दोघांनाही विचारायचं नाही.

तेव्हा आधी तेच पाहू. १७३९ साली अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी काळ्या गुलामांनी उठाव केला. ढोल वाजवत ते चालून गेले. उठाव चिरडला गेला आणि पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तिथल्या मळेवाल्यांनी कायदा केला. गुलामांनी एकत्र जमू नये, लिहायला शिकू नये, आणि ढोल वाजवू नये! लिहिणं आणि ढोल, दोन्हींवर एकाच कायद्यात बंदी. ढोलाने निरोप जातो, माणसं गोळा होतात, हे मालकाला नीट कळलं होतं. ताल म्हणजे बिनडोक अंगविक्षेप असं आजही ज्यांना वाटतं, त्यांच्यापेक्षा तो गुलामांचा मालक जास्त हुशार होता.

ढोल गेला म्हणून ताल गेला नाही. लोकांनी मांड्यांवर, छातीवर, टाळ्यांनी, पावलांनी ताल धरला. न्यू ऑर्लिन्समध्ये काँगो स्क्वेअरवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवारी गुलाम जमायचे, वाजवायचे, नाचायचे. पुढे काळ्यांच्या चर्चमध्ये हाच ताल शिरला. आणि चर्चमधून तो ऑर्गनवर आला.

इथे ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकांतला पायाने भाता मारायचा ऑर्गन समजू नका. तो गवयाच्या मागे सूर धरून बसतो. आम्ही बोलतोय ते हॅमंड ऑर्गनबद्दल. लॉरेन्स हॅमंड या इंजिनिअरने १९३५ मध्ये तो बाजारात आणला. दातेरी चकत्या फिरवून विजेवर सूर काढणारं हे यंत्र. पाइप ऑर्गन फार महाग, म्हणून ज्या चर्चना तो परवडत नव्हता त्यांनी हॅमंड घेतला. त्यांत काळ्यांची चर्च मोठ्या संख्येने होती. तिथे उपदेशक एक वाक्य टाकतो आणि ऑर्गनवाला त्यावर ठोका देतो. आपला शाहीर कडवं टाकतो आणि झीलकरी मागून 'जी जी' करतात, तीच देवाणघेवाण.

आता या यंत्रातली एक गंमत बघा. हॅमंडच्या प्रत्येक पट्टीखाली नऊ विजेचे संपर्क असतात. पट्टी दाबली की ते नऊ अगदी एकाच क्षणी जुळत नाहीत, किंचित मागेपुढे होतात, आणि सुराच्या आधी 'टक्' असा आवाज येतो. बनवणाऱ्यांच्या दृष्टीने हा दोष होता. तो कमी करायची त्यांची खटपट चालू होती. वाजवणाऱ्या काळ्या कलावंतांना मात्र तो 'टक्' हवाच होता, कारण त्यात त्यांना ढोल ऐकू आला! डॉन लेस्लीने बनवलेला फिरता स्पीकरही हॅमंडला आवडत नव्हता. वाजवणाऱ्यांनी तोही घेतला. १९५० च्या दशकाच्या मध्यात आलेल्या बी-३ मॉडेलमध्ये तर 'पर्कशन' नावाची खास सोयच होती: सुराच्या तोंडाशी एक क्षणभराचा, लगेच विरून जाणारा टणत्कार.

ही सोय कशी चालते ते समजून घ्या, कारण बटण दाबून फंक का होत नाही याचं उत्तर इथेच आहे. हॅमंडवर आवाजाचं मिश्रण ठरवायला ड्रॉबार नावाच्या नऊ दांड्या असतात. पहिल्या तीन पूर्ण बाहेर, बाकीच्या आत. पर्कशन चालू, तिसरा हार्मोनिक, विरणं जलद. ही जिमी स्मिथच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी. आता मधला सा दाबा. ठोक्याच्या क्षणी वर तार सप्तकातला प चमकून जातो. पण तो सा धरून ठेवून दुसरा सूर दाबलात, तर त्या दुसऱ्या सुराला हा ठोका मिळतच नाही. सगळ्या पट्ट्या सुटल्याशिवाय पर्कशन पुन्हा वाजत नाही. म्हणजे प्रत्येक ठोक्याआधी बोट पूर्ण उचलावं लागतं.

दुसरी गोष्ट. हॅमंडवर पट्टी कितीही जोरात आपटली तरी आवाज वाढत नाही. आवाज पायाखालच्या पेडलने वाढतो. त्यामुळे ताल जोराने येत नाही. सूर किती क्षण धरला आणि किती क्षण सोडला यातून येतो. पियानो शिकलेली पोरं इथेच अडखळतात, आणि ढोलकी-हलगीच्या घरातलं पोर हे लवकर पकडतं. चाट मारून लगेच हात काढून घेणं त्याच्या अंगात असतं.

तिसरी गोष्ट, दोन हातांची वाटणी. एका मात्रेचे चार भाग करा; चार मात्रांत सोळा घरं झाली. उजवा हात मोजक्या घरांत तुटक कॉर्ड मारतो. डावा हात मधल्या घरांत अर्धवट दाबलेले, जेमतेम ऐकू येणारे सूर भरतो, जशी ढोलकीवर बोटांची भरणी असते. आणि सगळे मिळून पहिल्या मात्रेवर एकत्र उतरतात. जेम्स ब्राऊन आपल्या वादकांकडून या 'एक'साठी किती कटाक्षाने काम करून घ्यायचा, हे प्रसिद्ध आहे. आपल्याकडे त्याला सम म्हणतात. समेवर एकत्र यायचं, मधे प्रत्येकाने दुसऱ्यासाठी जागा सोडायची.

आता सांगा, स्टाइलचं बटण यातलं काय शिकवतं? ते सोळा घरं स्वतःच भरून टाकतं. तुमच्या हाताला ना उचलायचं काम, ना थांबायचं. बाजाराने पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान एका क्रमांकाखाली कोंबलं आणि ज्यांचं ते ज्ञान त्यांचं नावही त्यावर ठेवलं नाही. आपल्या आयाबापांच्या श्रमाचं ज्ञानही असंच बिननावाने लुटलं गेलं. तीच लूट आपण दुसऱ्या शोषितांच्या बाबतीत निमूट वापरायची का?

"महागडं वाद्य कुठून आणायचं?" ही सबब आम्हाला मान्य नाही. 'ग्रीन अनियन्स' ही गाजलेली धून १९६२ मध्ये मेम्फिसमध्ये ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा ऑर्गनवरचा बुकर टी. जोन्स सतरा वर्षांचा होता. त्याच्यापुढे भलामोठा बी-३ नव्हता, एम-३ हे लहान मॉडेल होतं. वंशभेदाने चिरलेल्या त्या शहरात काळे-गोरे वादक एकाच गटात वाजवत होते, हेही लक्षात ठेवा. जिमी स्मिथने गोदामात ऑर्गन ठेवून महिनोन्‌महिने सराव केला आणि मगच तो लोकांपुढे आला. न्यू ऑर्लिन्सच्या द मीटर्सची १९६९ ची 'सिसी स्ट्रट' ऐका. आर्ट नेव्हिलचा ऑर्गन किती कमी सुरांत काम भागवतो ते मोजा. आपल्याकडच्या साध्या कीबोर्डवरही 'जॅझ ऑर्गन' किंवा 'पर्कसिव्ह ऑर्गन' असा आवाज बहुधा सापडतो. टच रिस्पॉन्स बंद करा, मेट्रोनोम ८० वर लावा आणि दोनच कॉर्डवर महिनाभर बसा.

आता चळवळीचा प्रश्न. "याचा काय उपयोग?" म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या प्रश्नाशी आपलं नातं सांगितलं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आणि त्या ब्लॅक पँथर पक्षाचा स्वतःचा फंक बँड होता! 'द लंपेन' त्याचं नाव. १९७० च्या सुमारास पक्षाचे साधे कार्यकर्तेच त्यात गात होते, लोकांच्या ओठांवरच्या चालींवर क्रांतीचे शब्द बसवत होते. आपल्या जलसाकारांनी, भीमशाहिरांनी दुसरं काय केलं? नाव घ्यायला पँथर चालतो, मग त्यांचा ताल का चालू नये?

पण एक आक्षेप याहून खोल आहे आणि त्याला आम्ही हलक्यात घेत नाही. काही ज्येष्ठ म्हणतात, "वाजवणं हेच तर आपल्यावर लादलं होतं. मढ्यापुढे, पाटलाच्या वरातीपुढे, पालखीपुढे डफडं बडवायचं आणि बदल्यात शिळा तुकडा घ्यायचा. बाबासाहेबांच्या हाकेनंतर आपण मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकी सोडली, वाजवणंही सोडलं. आता पोरांना पुन्हा ठोके शिकवायचे?"

त्यांनी डफडं फेकलं ते शंभर टक्के योग्य होतं. त्यांनी फेकलं म्हणूनच आज आपल्याला निवड आहे. पण दोन इतिहास शेजारी ठेवा. तिकडे मालकाने ढोल हिसकावला. इकडे मालकाने ढोल गळ्यात बांधला. वरवर उलट दिसणाऱ्या या दोन गोष्टींत हुकूम एकच आहे: तुम्ही कधी वाजवायचं, कधी नाही, हे आम्ही ठरवणार! तिकडच्यांनी जे हाती आलं त्याचा ढोल करून तो हुकूम मोडला. इकडच्यांनी ढोल फेकून तो मोडला. तालाशी कुणाचंच वैर नव्हतं, वैर हुकमाशी होतं. आज आपली पोरगी स्वतःच्या मर्जीने कीबोर्डवर बसते, स्वतःचे शब्द स्वतःच्या तालावर म्हणते, तेव्हा ती गावकी करत नाही.

ताल हलका आणि सूर थोर ही उतरंडही नीट ओळखा. ती संगीतातली चातुर्वर्ण्यव्यवस्था आहे. चामड्याला हात लावणारा अस्पृश्य आणि त्याने मढवलेल्या वाद्यावर टाळ्या घेणारा पंडित. दक्षिणेत मृदंग घडवणारे बहुतांशी दलित. मानाच्या व्यासपीठावर तो वाजवणारे बहुतांशी ब्राह्मण. टी. एम. कृष्णा यांनी २०२० मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. आपण स्वतःच ठोक्याला कमी लेखू लागलो, तर त्या उतरंडीची राखण आपणच करतो आहोत.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींना आमचं सांगणं आहे. येत्या १४ एप्रिलला डीजेची एक भिंत कमी करा आणि त्या पैशांत विहाराच्या वाचनालयात एक कीबोर्ड ठेवा. त्याला कुलूप लावू नका, आणि मुलींना पहिली पाळी द्या. शेजारच्या वस्तीतल्या मातंग समाजाच्या हलगीवादकाला मानधन देऊन बोलवा, त्यांना गुरुजी म्हणा, आणि चाट कशी तोडायची ते त्यांच्याकडून शिका. त्यांचा हात ज्या मानाचा आहे तो मान आपणही त्यांना अजून दिलेला नाही. आणि कार्यक्रमात फंक वाजवाल तेव्हा माईकवरून सांगा, हा ताल कुणाचा आहे, त्यांच्यावर कोणती बंदी होती, आणि तरी त्यांनी तो कसा जिवंत ठेवला.

जय भीम!