आतला आवाज आणि मतांचे मोल

राष्ट्रपतीपदाची निवडणूक जवळ आली की वृत्तपत्रांतून बेरजा-वजाबाक्या सुरू होतात. कोणत्या राज्यात कोणाचे किती आमदार, कोणता प्रादेशिक पक्ष कोणाकडे झुकणार, किती हजार मूल्याची मते कमी पडतात, याची कोष्टके छापली जातात. मतदानाच्या दिवशी जे घडते ते बहुधा त्या कोष्टकांवरील शिक्कामोर्तब असते. १९५२ ते २०२२ या काळात झालेल्या सोळा निवडणुकांपैकी सत्तारूढ पक्षाच्या अधिकृत उमेदवाराचा पराभव फक्त एकदा, १९६९ साली झाला. आणि तोही त्या पक्षाच्याच पंतप्रधानांनी घडवून आणला. असे असता या निवडणुकीकडे सामान्य माणसाने लक्ष का द्यावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर आहे, आणि ते १९७५ च्या जून महिन्याने या देशाला दिलेले आहे.

आधी या निवडणुकीची रचना समजून घेतली पाहिजे. संविधानाच्या ५४ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतीची निवड संसदेच्या दोन्ही सभागृहांचे आणि राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य करतात. नामनियुक्त सदस्यांना आणि विधान परिषदेच्या सदस्यांना हा अधिकार नाही. प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य त्याच्या राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते: लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने आणि पुन्हा एक हजाराने भागायचे. या हिशेबाने उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मत २०८ चे, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ चे, गोव्याच्या आमदाराचे २० चे आणि सिक्कीमच्या आमदाराचे ७ चे होते. सर्व आमदारांच्या मतांची जी बेरीज येईल तेवढेच वजन सर्व खासदारांना मिळून दिले जाते. २०२२ मध्ये आमदारांचे एकूण मूल्य ५,४३,२३१ आणि खासदारांचे ५,४३,२०० होते. प्रत्येक खासदाराचे मत ७०० चे. त्याआधी हे मूल्य ७०८ होते. जम्मू आणि काश्मीरमध्ये त्या वेळी विधानसभाच अस्तित्वात नव्हती, म्हणून ते खाली आले. एका राज्याची विधानसभा नाहीशी झाली की देशाच्या प्रत्येक खासदाराच्या मताचे मोल घटते, एवढी ही रचना राज्यांशी जखडलेली आहे. राष्ट्रपती हा केवळ दिल्लीचा नाही, तो राज्यांच्या संघाचा आहे, हे तत्त्व घटनाकारांनी अशा रीतीने अंकगणितातच गुंफून ठेवले.

थेट जनतेकडून निवड व्हावी, अशी सूचना घटना समितीत आली नव्हती असे नाही. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेले आणि संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याचा आग्रह धरणारे प्रा. के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने राष्ट्रपती निवडावा, अशी दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. मतदारांची प्रचंड संख्या, अपुरी शासनयंत्रणा आणि मुख्यत्वे राष्ट्रपतीच्या हाती स्वतंत्र सत्ता नसणे, ही त्यांची कारणे होती. हा निर्णय योग्यच होता. कोट्यवधींच्या कौलाने निवडून आलेला माणूस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागेल, ही अपेक्षा भाबडी ठरली असती. पुढे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत याच शहांनी राजेंद्रप्रसादांविरुद्ध उमेदवारी केली. त्यांना ९२,८२७ मूल्याची मते मिळाली, राजेंद्रबाबूंना ५,०७,४००. पराभव ठरलेलाच होता. पण पहिल्या दिवसापासून हे पद लढतीविना कोणाच्या पदरात पडू द्यायचे नाही, हा दंडक त्या उमेदवारीने घालून दिला.

या निवडणुकीत मतदान गुप्त असते. पक्षांना पक्षादेश काढता येत नाही. पक्षांतरबंदीचा बडगा येथे चालत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून खुले मतदान आले. तेथे आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र तो आपल्या सद्सद्विवेकबुद्धीशी एकटा असतो. हे एकटेपण हीच या निवडणुकीची खरी शक्ती आणि हाच तिचा खरा धोका होय.

१९६९ साली या दोन्हींचे दर्शन घडले. ३ मे रोजी डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. बंगलोर येथे काँग्रेसच्या पक्षश्रेष्ठींनी इंदिरा गांधींची इच्छा डावलून नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. त्यानंतरच्या आठवड्याभरात मोरारजी देसाईंकडून अर्थखाते गेले, १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि दुसऱ्या दिवशी व्ही. व्ही. गिरी यांनी उपराष्ट्रपतीपदाचा राजीनामा देऊन अपक्ष म्हणून लढण्याची वाट मोकळी केली. गिरी हे मूळचे कामगार चळवळीतले. बँक कर्मचाऱ्यांच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला म्हणून १९५४ साली केंद्रीय मंत्रिपद सोडलेले ते गृहस्थ. तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडून ज्यांनी मराठी माणसाची कायमची कृतज्ञता मिळवली, ते आता जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा त्या दोन पक्षांकडे दुसऱ्या पसंतीची मते मागायला गेले. त्यावरून पंतप्रधानांच्या गटाने आतल्या आवाजानुसार मत देण्याची मुभा मागितली.

निकाल असा लागला. पहिल्या पसंतीची गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते. विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले. म्हणजे आवश्यक आकड्याहून अवघी १,९०८ अधिक, आणि हे मूल्य त्या वेळच्या काही थोड्या खासदारांच्या मतांएवढेच. दुसरी पसंती मोजण्याची पाळी आजवर या एकाच निवडणुकीत आली. तीन महिन्यांत काँग्रेस दुभंगली.

हा विजय पुरोगामी शक्तींचा म्हणून साजरा झाला, आणि त्यात काही तथ्यही होते. बँकांचा पैसा मूठभर घराण्यांच्या हातून काढून घेण्याला ज्यांचा विरोध होता, त्यांची ती हार होती. परंतु त्या उत्सवात एका गोष्टीकडे डोळेझाक झाली. आमदार-खासदारांना पक्षश्रेष्ठींच्या हुकमातून सोडवणारा तो आतला आवाज पंतप्रधानांच्या आवाजाशी तंतोतंत जुळत होता. एका श्रेष्ठीमंडळाच्या जागी एक व्यक्ती आली. राष्ट्रपतीपद कोणाला मिळावे हे एकच व्यक्ती ठरवू शकते, हा धडा सत्तेने त्या ऑगस्टमध्ये गिरवला आणि पुढे तो ती विसरली नाही.

पाच वर्षांनी, १९७४ च्या ऑगस्टमध्ये, फक्रुद्दीन अली अहमद यांची निवड झाली तेव्हा कसलीही चुरस नव्हती. रेल्वे कामगारांचा संप त्याच वर्षी मे महिन्यात चिरडण्यात आला होता. गुजरातची विधानसभा बरखास्त होती, तिच्या मतांविनाच निवडणूक पार पडली. विरोधी पक्षांच्या वतीने उभे होते त्रिदिब चौधरी. महाराष्ट्राला हे नाव परके नाही. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरून नानासाहेब गोरे, शिरूभाऊ लिमये, मधु लिमये यांच्याप्रमाणेच पोर्तुगिजांचा तुरुंगवास भोगलेला हा बंगाली समाजवादी. त्यांना १,८९,१९६ मते पडली, अहमदांना ७,६५,५८७. आकड्यांच्या दृष्टीने विषय संपला. परंतु २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेचा कागद राष्ट्रपतीसमोर आला, तेव्हा मंत्रिमंडळाला त्याचा पत्ता नव्हता. मंत्र्यांना कळले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. स्वाक्षरी मात्र रात्रीच झाली. स्नानाच्या टबातून वटहुकमांवर सही करणाऱ्या राष्ट्रपतीचे अबू अब्राहम यांनी काढलेले व्यंगचित्र हे त्या काळाचे सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज ठरले. त्या रात्री राष्ट्रपतीने एवढेच विचारले असते की ‘मंत्रिमंडळाचा ठराव कुठे आहे?’ तर कदाचित काही तासांचाच विलंब झाला असता. पण हुकूमशाहीला पहिले काही तासच अडचणीचे असतात. ४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ साली मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाची अट घातली, ती याच अनुभवातून.

हे पद शोभेचे आहे असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा. बहुतेक दिवशी ते शोभेचे असतेच. परंतु पाच वर्षांत एखादी रात्र अशी येते की त्या शोभेच्या खुर्चीवर कोण बसले आहे यावर हजारो माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून असते. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लादण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. उलट २००५ साली बिहार विधानसभेच्या विसर्जनाच्या आदेशावर अब्दुल कलाम यांनी मॉस्कोहून संमती दिली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. पद तेच आणि संविधानही तेच होते. फरक पडला तो कागद परत पाठवण्याच्या धैर्याने.

मग अशा पदाची निवडणूक लढवायची कशी? विरोधी पक्षांची अलीकडची वागणूक पाहता त्यांना हा प्रश्नच पडलेला दिसत नाही. १९६७ साली कोका सुब्बाराव सरन्यायाधीशपद सोडून उभे राहिले, १९८७ साली न्या. कृष्ण अय्यर उभे राहिले, २००२ साली आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल उभ्या राहिल्या. हे तिघेही हरले. पण त्यांच्या नावातच एक भूमिका होती. २०२२ मध्ये विरोधकांनी शरद पवार, फारूक अब्दुल्ला, गोपाळकृष्ण गांधी अशा एकामागून एक विनवण्या केल्या आणि नकार पचवून अखेर यशवंत सिन्हांना, म्हणजे भारतीय जनता पक्षाच्याच जुन्या अर्थमंत्र्यांना, उभे केले. समोर सत्तारूढ पक्षाने द्रौपदी मुर्मू यांचे नाव पुढे केल्यावर विरोधी गोटातील कित्येकांचा आतला आवाज जागा झाला. मुर्मू ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७ अशा फरकाने विजयी झाल्या. एक संथाळ स्त्री राष्ट्रपती भवनात गेली, याचा आनंद समाजवाद्यांनी मोकळ्या मनाने मानला पाहिजे. पण जंगल आणि जमीन यांवरचा आदिवासींचा हक्क त्यामुळे आपोआप सुरक्षित होतो, या समजुतीला विरोध करण्याचे कर्तव्यही त्यांचेच आहे. प्रतीकाला प्रतीकाने हरवता येत नाही; तेथे कार्यक्रमच लागतो, आणि तो विरोधकांपाशी नव्हता.

आता एक नवे संकट पुढे आहे. मतांचे मूल्य ठरवताना आजवर १९७१ ची शिरगणती धरण्यात आली. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचे वजन घटू नये म्हणून १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला आणि ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीपर्यंत वाढवली. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून शिरगणती करण्याची अधिसूचना २०२५ च्या जूनमध्ये निघाली, तेव्हाच या प्रश्नाची घटका भरत आली. त्याचे गांभीर्य दोन राज्यांच्या तुलनेने कळेल. १९७१ च्या आधारे तामिळनाडूच्या २३४ आमदारांचे एकत्रित मूल्य ४१,१८४ आणि बिहारच्या २४३ आमदारांचे ४२,०३९, म्हणजे जवळजवळ बरोबरी. हाच हिशेब २०११ च्या शिरगणतीने केला तर तामिळनाडू ७२,०७२ आणि बिहार १,०४,००४ असे चित्र होते. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत १७५ वरून ३९० वर जाते, परंतु उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे २०८ वरून ४९६ वर.

यावर बिहारच्या बाजूने जो युक्तिवाद होईल तो समाजवाद्यांनी झटकून टाकता कामा नये. १९७१ नंतर जन्मलेल्या बिहारी मजुराला कोणी मोजायचेच नाही काय? माणसामाणसांत समता मानणाऱ्यांना हा प्रश्न टोचलाच पाहिजे. त्याचे उत्तर असे की, लोकसभेच्या जागांची फेरवाटणी होईल तेव्हा त्या मजुराची गणना होईल, आणि खासदारांचे वजन निम्मे असल्यामुळे ती राष्ट्रपतीच्या निवडणुकीतही उतरेल. उरलेले निम्मे वजन राज्यांचे आहे. तेही नव्या लोकसंख्येलाच जुंपले तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखे होईल आणि चार-पाच मोठी राज्ये मिळून संघराज्याचा प्रमुख ठरवतील. म्हणून राज्यांच्या वाट्यासाठी १९७१ चा आधार सर्वसंमतीने पुढेही ठेवणे हाच न्याय्य मार्ग आहे, आणि तो निर्णय निवडणुकीच्या धामधुमीत नव्हे तर तिच्या पुरेसा आधी झाला पाहिजे.

सध्याच्या राष्ट्रपतींनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. पाच वर्षांची ही मुदत जुलै २०२७ मध्ये पुरी होते. समाजवादी आणि लोकशाहीवादी पक्षांनी आतापासून एक गोष्ट ठरवावी. आपला उमेदवार शेवटच्या आठवड्यात कोणाच्या तरी दारात जाऊन शोधायचा नाही. आणि जो कोणी असेल त्याने मत मागण्यापूर्वी देशाला सांगावे की, संसदेला डावलणारा वटहुकूम समोर आला, बहुमतातले राज्य सरकार बरखास्त करण्याची शिफारस आली, तर तो कोणते प्रश्न विचारील आणि कोणता कागद परत पाठवील. मग प्रतिस्पर्ध्यालाही तेच उत्तर द्यावे लागेल. बेरजेत हरणे नशिबी असले तरी हे प्रश्न उभे करण्यासाठी बहुमत लागत नाही. त्रिदिब चौधरींना १९७४ साली मते कमी पडली. पण पुढच्याच वर्षी जूनमधल्या त्या रात्री आणखी कशाची उणीव होती, हे देशाला एकवीस महिन्यांच्या अंधारात उमगले. ते पुन्हा त्याच किमतीला उमगण्याची पाळी येऊ नये.