टाकीतले शिळे पेट्रोल

तळेगाव (श्यामजी पंत) भागात कपाशीची शेवटची फवारणी झाली की पेट्रोलवरचा फवारणीपंप टाकीतल्या पेट्रोलसकट कोठ्यात जातो. पुढच्या हंगामात दोरी ओढून खांदा दुखतो, पंप काही सुरू होत नाही. मिस्त्रीचे पैसे वेगळे, आणि तोवर बोंडे किडीच्या तोंडी.

पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडतो, उरलेला चिकटा कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात बसतो. त्यात २०२५ मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले. ते ओल ओढते. पाणी फार झाले की दोन्ही तळाशी बसतात, आणि इंजिन तळातूनच ओढते.

ऊस-मक्याला इथेनॉलमुळे भाव मिळत असेल तर मिळो. पण मिसळ किती, हे विक्रीच्या जागी ठळक लिहा, ही आमची मागणी आहे. तोवर हंगाम संपताच टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. काढलेले पेट्रोल विहिरीजवळ ओतू नका.